‘हॉल्ट’ दिल्यावर संगणक थांबतो, पण वीज का बंद होत नाही?

कक्षप्रमुख (प्रश्न)

नमस्कार. एका माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी गेल्या जूनपासून माझ्याकडे आली आहे. कक्षात १८ संगणक आणि एक सर्व्हर आहे. दिवाळीच्या सुट्टीत सर्व यंत्रांवरची जुनी डेबियन ७ (लिनक्सचा एक प्रकार) काढून डेबियन १२ बसवण्यात आली. माझ्या आधी हा कक्ष सांभाळणाऱ्या गुरुजींनी रोजची कामे एका फुलस्केप वहीत लिहून ठेवली आहेत आणि त्या वहीचा मला पदोपदी उपयोग झाला आहे. तिच्या पहिल्याच पानावर ‘कक्ष बंद करताना’ या मथळ्याखाली असे लिहिले आहे: टर्मिनल उघडावे, ‘सिंक’ तीनदा द्यावे, मग ‘सुडो हॉल्ट’ द्यावे, पेटीतला पंखा थांबला की पडद्याचे बटण बंद करून खोलीला कुलूप लावावे.

सुट्टीपूर्वी हे सर्व तंतोतंत तसेच होत असे. आता मात्र पंखा थांबतच नाही. पडद्यावर शेवटी ‘सिस्टिम हॉल्टेड’ अशी एक ओळ येते, कळफलक आणि माऊस कशालाच दाद देत नाहीत, पण समोरचा हिरवा दिवा तसाच जळत राहतो. पहिल्या आठवड्यात हे माझ्या लक्षात आले नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आज्ञा देऊन, पडदे बंद करून निघून गेलो, आणि सोमवारी दार उघडले तेव्हा खोलीत उबारा होता व अठराही पेट्या हाताला कोमट लागत होत्या. तेव्हापासून आमचे शिपाईमामा प्रत्येक पेटीचे बटण दाबून धरून यंत्र बंद करतात.

वहीत लिहिलेली आज्ञा चुकीची आहे का, ‘सिस्टिम हॉल्टेड’ दिसत असताना बटण दाबून धरल्याने फाइलींना धक्का पोहोचतो का, आणि माझ्या जागेवरून एकाच आज्ञेने अठराही यंत्रे खरोखर, म्हणजे विजेसकट, बंद करता येतील का, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे. आज्ञा मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. उत्तरेही तशीच द्यावीत, म्हणजे वहीत उतरवून घेणे सोपे जाईल.

रात्रपाळी

सर, वहीतली आज्ञा चुकीची नाही. ज्या प्रणालीसाठी ती लिहिली होती तिच्यावर ती बरोबरच होती. आज्ञेचे नाव तेच राहिले आणि अर्थ बदलला, म्हणून हा घोटाळा झाला आहे.

डेबियन ७ पर्यंत यंत्र सुरू आणि बंद करण्याचे काम ‘सिसव्ही इनिट’ करत असे. तिथे चालू यंत्रावर ‘हॉल्ट’ दिले की ती आज्ञा स्वतः काही न करता ‘शटडाऊन -एच’ला बोलावत असे. मग सर्व सेवा बंद झाल्यावर अगदी शेवटची स्क्रिप्ट ‘ईटीसी’ मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातील ‘हॉल्ट’ नावाची छोटी फाइल वाचून ठरवत असे की यंत्र नुसते थांबवायचे की वीजही तोडायची. त्या फाइलीत डेबियनने मुळातच ‘पॉवरऑफ’ असे लिहून ठेवले होते, त्यामुळे गुरुजींनी ‘हॉल्ट’ म्हटले आणि यंत्राने ‘पॉवरऑफ’ केले. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या डेबियन ८ पासून ही जागा ‘सिस्टिमडी’ने घेतली. आता ‘हॉल्ट’, ‘पॉवरऑफ’, ‘रिबूट’ आणि ‘शटडाऊन’ ही चारही ‘सिस्टिमसीटीएल’ या एकाच प्रोग्रामची टोपणनावे आहेत. ज्या नावाने हाक माराल तेवढेच तो करतो, आणि ‘हॉल्ट’ या नावाचा अर्थ फक्त थांबणे असा घेतो. म्हणून वहीत ‘सुडो हॉल्ट’ खोडून ‘सुडो पॉवरऑफ’ लिहा. ‘शटडाऊन -एच नाऊ’ दिले तरी चालेल, कारण तिथला ‘-एच’ हा आजच्या लिनक्सवर वीज तोडण्यासकट बंद करणे असाच धरला जातो.

आता थांबणे आणि वीज तोडणे वेगळे का, हेही सांगतो, कारण ते एकदा समजले की पडद्यावरची ती ओळ गोंधळात टाकत नाही. जुन्या एटी पद्धतीच्या पेटीत समोरचे बटण थेट मुख्य विजेच्या तारेवर असे, घरातल्या दिव्याच्या बटणासारखे. त्यामुळे संगणकावरील कोणत्याही प्रोग्रामला स्वतःची वीज तोडताच येत नसे. प्रणालीच्या हातात एवढेच होते की सर्व लिखाण डिस्कवर पोहोचवायचे, प्रोसेसरला निपचित करायचे आणि ‘आता बटण बंद करा’ असे माणसाला सांगायचे. विंडोज ९५ वापरलेल्यांना काळ्या पडद्यावरची ती नारिंगी अक्षरे आठवत असतील. ‘हॉल्ट’ म्हणजे नेमकी तीच अवस्था. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि वीजपुरवठ्याच्या पेटीतून मदरबोर्डकडे एक हिरवी तार आली. ती तार जमिनीला जोडलेली ठेवली तोवर मुख्य वीज चालू राहते आणि सोडली की बंद होते. ती सोडायची कशी, याची सर्वमान्य रीत डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मांडलेल्या एसीपीआय या संकेताने घालून दिली. तिच्यात ‘विजेसकट बंद’ या अवस्थेला ‘एस५’ म्हणतात. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चिपसेटच्या एका ठरावीक रजिस्टरमध्ये दोन मूल्ये लिहितो, चिपसेट हिरवी तार सोडतो आणि पंखा थांबतो.

‘पॉवरऑफ’ दिल्यापासून त्या क्षणापर्यंत बरेच काही घडते. सिस्टिमडी सेवांना सुरू झाल्याच्या उलट क्रमाने थांबायला सांगते. ज्या सेवा सांगूनही थांबत नाहीत त्यांच्यासाठी साधारणपणे ९० सेकंद वाट पाहून त्यांना सक्तीने मारते. मग फाइल प्रणाली उतरवते, जी उतरवता येत नाही ती केवळ वाचनापुरती ठेवते, आणि शेवटी कर्नलला ‘रिबूट’ नावाची सिस्टिम कॉल करते. नाव रिबूट असले तरी थांबणे, वीज तोडणे आणि पुन्हा सुरू होणे ही तिन्ही कामे याच एका दारातून होतात. एखाद्या भरकटलेल्या प्रोग्रामने चुकून हे दार ढकलू नये म्हणून कर्नल सोबत दोन खुणेचे आकडे मागतो. त्यांतल्या दुसऱ्या आकड्यासाठी चालणाऱ्या मूल्यांपैकी एक षोडशमान (सोळा अंकांच्या) पद्धतीत लिहिले तर २८१२१९६९ असे वाचता येते. ती लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख आहे. इथेही थांबण्याचा संकेत वेगळा आणि वीज तोडण्याचा वेगळा आहे, म्हणजे हा भेद केवळ आज्ञेच्या नावात नसून थेट कर्नलपर्यंत गेलेला आहे.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘सिस्टिम हॉल्टेड’ दिसत असताना फाइल प्रणाली आधीच नीट मिटलेली असते, त्यामुळे शिपाईमामांनी बटण दाबून धरले तरी फाइलींचे नुकसान होत नाही. चालू यंत्रावर मात्र असे कधीही करू देऊ नका. चार सेकंद दाबून धरल्यावर जी वीज जाते ती हार्डवेअर परस्पर तोडते आणि प्रणालीला त्याचा पत्ताही लागत नाही. तेच बटण एकदाच टिचकीसारखे दाबले तर गोष्ट निराळी होते, कारण ती दाब एसीपीआयमार्फत प्रणालीकडे निरोप म्हणून जाते आणि मूळ मांडणीत ती शिस्तीत ‘पॉवरऑफ’ करते. फक्त काही डेस्कटॉप वातावरणे हा निरोप आपल्याकडे घेऊन यंत्र निद्रेत पाठवतात, तेव्हा एका यंत्रावर आधी पाहून घ्या.

बीएसडी_अभ्यासक

वरील उत्तर डेबियनपुरते पूर्ण आहे. परंतु ‘युनिक्ससारखी प्रणाली’ एवढ्याच ओळखीवर ते दुसरीकडे लावणाऱ्यांनी जपावे, म्हणून थोडी भर घालतो.

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीवर ‘शटडाऊन -एच नाऊ’ म्हणजे आजही नुसते थांबणे. वीज तोडायची असेल तर ‘शटडाऊन -पी नाऊ’ द्यावे लागते आणि तो ‘पी’ लहान असतो. लिनक्सच्या ‘शटडाऊन’ला याच अर्थाचा ‘पी’ मोठा लागतो, तर लिनक्सच्याच ‘हॉल्ट’ला लहान. वहीत लिहिताना अक्षर लहान की मोठे हे शेजारी शब्दांत लिहून ठेवावे, असा माझा आग्रह आहे, कारण देवनागरीत हा फरक दिसणार नाही. थांबलेली फ्रीबीएसडी पडद्यावर सांगते की प्रणाली थांबली आहे, पुन्हा सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा. आमच्या महाविद्यालयात एका सहकाऱ्यांनी यंत्र खरेच बंद आहे का, हे पाहण्यासाठी रोज स्पेसबार दाबावा आणि यंत्र रोज पुन्हा सुरू व्हावे, असे दोन दिवस चालले होते. ती ओळ कोणी वाचलीच नव्हती.

सोलारिस या युनिक्स प्रणालीवर काम केलेल्यांच्या बोटांत ‘इनिट ५’ बसलेले असते, कारण तिथे पाच म्हणजे वीज तोडणे आणि शून्य म्हणजे फर्मवेअरच्या ‘ओके’ या खुणेपर्यंत खाली येणे. लिनक्सवर पाच म्हणजे चित्रमय पडद्यासह सर्वसामान्य चालू अवस्था आणि शून्य म्हणजे बंद. सोलारिसची सवय लिनक्सवर वापरली तर फार तर काहीच होणार नाही, पण लिनक्सची ‘इनिट ५’ची सवय चालू सोलारिसवर नेली तर सर्वांचे काम चालू असतानाच यंत्र बंद होईल.

अधिकारांच्या बाबतीत फ्रीबीएसडीची एक सोय मला फार आवडते. तिथे ‘ऑपरेटर’ गटातल्या वापरकर्त्याला रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड नसतानाही ‘शटडाऊन’ चालवता येते. संध्याकाळी कक्ष बंद करणाऱ्या माणसाला एवढाच अधिकार हवा असतो.

तीन वेळा ‘सिंक’ देण्याबद्दल एक शब्द. जुन्या युनिक्सवर ‘सिंक’ लिखाणाची नुसती नोंद करून लगेच परत येई, लिखाण पूर्ण झाले की नाही याची खात्री तो देत नसे. एकेक करून तीन वेळा टंकायला जो वेळ लागे तेवढ्यात डिस्कचे काम उरकत असे. लिनक्सवरचा ‘सिंक’ लिखाण संपेपर्यंत थांबतो, आणि ‘पॉवरऑफ’च्या वाटेत ते काम तसेही होते. त्यामुळे ती ओळ आता वगळली तरी चालेल. गुरुजींनी ती लिहिली यावरून त्यांनी फार जुनी यंत्रे सांभाळलेली असावीत असे दिसते, आणि त्यांच्या काळजीचा मला आदर वाटतो.

कक्षप्रमुख

दोघांचेही मनापासून आभार. आज एका यंत्रावर ‘सुडो पॉवरऑफ’ देऊन पाहिले. पंखा थांबला, दिवा विझला. मागच्या बाजूला नेटवर्कच्या तारेजवळचा बारीक दिवा मात्र चालूच आहे, तो कशामुळे? तसेच अठरा यंत्रे एकदम बंद करण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे. विद्यार्थ्यांचे होम फोल्डर सर्व्हरवर असून एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरण्याच्या सोयीने) प्रत्येक यंत्राला जोडलेले आहेत, हे सांगायचे राहिले होते.

रात्रपाळी

तो दिवा बरोबर आहे. एटीएक्स पेटी मुख्य वीज बंद झाल्यावरही पाच व्होल्टची एक बारीक धार जांभळ्या तारेतून मदरबोर्डला देत राहते. समोरच्या बटणाची दाब ओळखायला आणि नेटवर्कवरून जागे होण्याची हाक ऐकायला तीच लागते. ती तोडायची असेल तर अठराही यंत्रांचे पंखे थांबल्यावर खोलीचा मुख्य स्विच बंद करा.

एनएफएस असल्याचे सांगितलेत हे फार बरे झाले, कारण त्यामुळे क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी अठरा यंत्रे, ती बंद झाल्याची खात्री, आणि मगच सर्व्हर. उलट केलेत तर प्रत्येक यंत्र आपले होम फोल्डर उतरवण्यासाठी गेलेल्या सर्व्हरची वाट पाहत बसेल, पडद्यावर सेकंदांची मोजणी चालू राहील, आणि शिपाईमामांना पुन्हा बटण दाबून धरावे लागेल.

रीत अशी ठेवा. सर्व्हरवर एसएसएचची (दुसऱ्या यंत्रावर नेटवर्कवरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या सोयीची) एक स्वतंत्र किल्लीजोडी तयार करा. तिची सार्वजनिक किल्ली प्रत्येक यंत्रावर रूटच्या ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलीत घाला आणि त्याच ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द व ‘कमांड’ या पर्यायात ‘पॉवरऑफ’चा पूर्ण मार्ग लिहा. असे केल्यावर ती किल्ली कोणीही, काहीही टंकून वापरली तरी समोरचे यंत्र एकच काम करते: बंद होते. त्या किल्लीने कोणाला आत शिरता येत नाही, फाइली पाहता येत नाहीत, आणि सुडोचे नियम वेगळे लिहावे लागत नाहीत. शाळेसारख्या ठिकाणी, जिथे किल्ली कधी ना कधी विद्यार्थ्यांच्या हाती लागू शकते, तिथे हा बंदोबस्त मला सर्वांत योग्य वाटतो.

मग सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवा, जी यंत्रांच्या नावांची फाइल ओळीओळीने वाचून प्रत्येकाला एसएसएचने हाक मारेल. इथे एक खाचखळगा आहे, ज्यात मी स्वतः अर्धा दिवस घालवला आहे. ‘व्हाइल रीड’ने ओळी वाचत असाल तर आतला एसएसएच त्याच फाइलीतल्या उरलेल्या ओळी स्वतः गिळून टाकतो, पहिले यंत्र बंद होते आणि स्क्रिप्ट कोणतीही तक्रार न करता संपते. एसएसएचला ‘-एन’ हा पर्याय दिला की तो त्या ओळींना हात लावत नाही. सोबत जोडणीची कालमर्यादा पाच सेकंद ठेवा, नाहीतर आधीच बंद असलेल्या यंत्रापाशी स्क्रिप्ट ताटकळत राहील. बंद होताना समोरचे यंत्र जोडणी तोडते, त्यामुळे ‘कनेक्शन क्लोज्ड’ असा संदेश आला तर ते अपयश समजू नका.

तास चालू असताना सूचना देऊन बंद करायचे असेल तर ‘शटडाऊन +१०’ असे दहा मिनिटांचे अंतर देता येते आणि ‘शटडाऊन -सी’ने, इथे ‘सी’ लहान, ते रद्द करता येते. अंतर आणि ‘नाऊ’ दोन्ही दिले नाही तर ‘शटडाऊन’ एका मिनिटानंतरची वेळ धरते, म्हणून नुसते ‘शटडाऊन’ टंकून काही घडले नाही असे वाटले तर घाईने बटणाकडे जाऊ नका. शेवटच्या पाच मिनिटांत नव्याने कोणाला आत येऊ दिले जात नाही. सूचनेचा मजकूर मात्र टर्मिनलवर येतो, चित्रमय पडद्यावर चित्र काढत बसलेल्या मुलाला तो बहुधा दिसणार नाही, तेव्हा तोंडी सांगणे टाळू नका.

शेवटी, सर्व्हरवर ‘मॉली-गार्ड’ हे डेबियनचे पॅकेज जरूर बसवा. एसएसएचवरून आत असताना कोणी ‘पॉवरऑफ’ टंकले तर ते आधी त्या यंत्राचे नाव विचारते आणि नाव बरोबर टंकल्याशिवाय पुढे जात नाही. चार खिडक्या उघड्या असताना आपण नेमक्या कोणत्या यंत्रावर आहोत, हा विसर अनुभवी माणसालाही पडतो, आणि दुसऱ्या गावातला सर्व्हर असा बंद झाला की तो पुन्हा चालू करायला कोणाला तरी प्रत्यक्ष जावे लागते.

कक्षप्रमुख

सांगितल्याप्रमाणे सर्व मांडणी केली. आज संध्याकाळी स्क्रिप्ट चालवली आणि अर्ध्या मिनिटात सतरा पंखे थांबले. अकरा क्रमांकाचे यंत्र मात्र बंद होऊन दहा-बारा सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू झाले. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच. तिथेच बसून हाताने ‘पॉवरऑफ’ दिले तर ते शांतपणे बंद राहते.

रात्रपाळी

हाताने बंद केले तर राहते आणि स्क्रिप्टने केले तर उठते, तर मग स्क्रिप्ट पुढे आणखी काय करते ते पाहायला हवे. यंत्र बंद झाले की नाही हे तपासण्यासाठी तुम्ही शेवटी सर्वांना पिंग करता, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येते का ते पाहता का? करत असाल तर अकरावर ‘ईथटूल’ (नेटवर्क कार्डाची मांडणी दाखवणारी आज्ञा) चालवून ‘वेक-ऑन’ या शब्दापुढे कोणती अक्षरे आहेत ती इतर यंत्रांशी ताडून पाहा.

कक्षप्रमुख

होय, पिंग करतो, आणि दोष तिथेच निघाला. सतरा यंत्रांवर ‘वेक-ऑन’पुढे फक्त ‘जी’ आहे, म्हणजे जागे होण्याचे खास पाकीट आले तरच ती उठतात. अकराचे नेटवर्क कार्ड बदललेले दिसते आणि त्याच्यावर ‘यूजी’ होते, म्हणजे त्याच्या नावे आलेले कोणतेही पाकीट त्याला पुरत होते. बंद झालास का, असे माझ्या स्क्रिप्टने विचारले की ते उठून बसत असे. ‘ईथटूल’ने ते ‘जी’ केले, पुढच्या वेळी यंत्र सुरू झाल्यावरही तसेच राहावे म्हणून नेटवर्कच्या मांडणीत ती ओळ घातली, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. अठराही पंखे थांबले. मग सर्व्हर बंद केला आणि मुख्य स्विच खाली ओढला.